शिमग्यात गेलेला खटखटा

फाल्गुन लागला की कल्याणीच्या पायाला भिंगरी लागायची. दूध गॅसवर ठेवून ती गच्चीत जायची, गच्चीत गेल्यावर कशाला आलो ते विसरायची, आणि परतताना अर्ध्या जिन्यात थांबून समोरच्या लिंबाकडं बघत राहायची. खाली पिवळ्या पानांचा सडा, वर तांब्याच्या रंगाची कोवळी पालवी. जुनं झडून संपेना आणि नव्याला दम निघेना, असे ते दिवस. वरद, तिचा नवरा, खालून दूध उतू गेल्याची वर्दी द्यायचा आणि म्हणायचा, "बाईसाहेबांचा शिमगा सुरू झाला." तिनं त्याला कधी कारण सांगितलं नाही. कारण होतं एवढंसंच, हातभर लाकडाचं.

यंदा कारण स्वतःच घरात चालत आलं. सकाळी ती अंतराची वेणी घालत होती, अंतरा आरशात बघून दात मोजत होती, आणि मोजता मोजता म्हणाली,

"मम्मी, गजाला शाळा सोडून चाललीय."

"कुठं?"

"हैदराबादला. ईद झाली की. तिच्या पप्पांना तिकडं काम लागलंय. सगळेच चाललेत, तिचे दादाअब्बा पण. घर रिकामं करून राह्यलेत." मग जरा थांबून, "ते दादाअब्बा आधी आपल्याच शाळेत होते म्हणे. गेटवर. तू होतीस तेव्हा होते का?"

कल्याणीच्या हातातले तीनही पेड सुटले.

"होते," ती म्हणाली. "गेटच्या आधी घंटेवर होते."

"मंग गेटवर कशाला आले?"

नऊ वर्षांच्या पोरीला सहज पडलेला प्रश्न. आईला तो तीस वर्षं पडत होता आणि उत्तर तिच्याजवळच होतं. अंतरा त्या दिवशी वाकड्या वेणीनं शाळेत गेली. कल्याणी भिंतीवरच्या कॅलेंडरापुढं उभी राहिली. ईद अडीच-तीन आठवड्यांवर. आणि त्याच्या अलीकडं, एकाच चौकटीत, वर ठळक होळी आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात ख्रिस्ती लोकांचा झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या आधीचा. तीस वर्षांपूर्वी हे दोन दिवस असेच एका चौकटीत आले होते.

गजालाचे दादाअब्बा, ख्वाजामियाँ, गावातून जायच्या आत त्यांना सांगायला हवं होतं. एकदा ते हैदराबादला गेले, की त्यांच्या वयाचा माणूस परत येतो थोडाच. मग हे लाकूड तिच्याच छातीवर राहणार.

तर ते असं झालं होतं.

तेव्हा ती मिशनची शाळा आजच्यासारखी तीन मजली नव्हती. बसक्या कौलारू खोल्या, पुढं लांब ओसरी, मागं हॉस्टेल, मधे चॅपल. चॅपलच्या अंगाला दोन लोखंडी खांबांत घंटा टांगलेली. प्रार्थनेला तीच आणि शाळेलाही तीच. ती वाजवायची ख्वाजामियाँनी, दुसऱ्या कुणी दोरीला हात लावायचा नाही. पहिला टोला ते हळू द्यायचे, झोपलेल्या लेकराच्या खांद्याला हात लावावा तसा. मग पुढचे टोले. मूळचे ते सुतार. बाकांचे पाय, फळ्यांच्या चौकटी, चॅपलच्या खिडक्या, सगळ्यावर त्यांचा रंधा फिरलेला. बागेला पाणी घालणारा शिवाजी त्यांनीच शाळेत आणून चिकटवलेला. दुपारच्या सुट्टीत दोघं लिंबाखालच्या एकाच दगडावर डबा उघडायचे. एका डब्यात ख्वाजामियाँच्या बायकोच्या, अकबरबीच्या हातची खट्टी दाळ, दुसऱ्यात शिवाजीच्या घरचा ठेचा.

"तुझ्या ठेच्यानं कान बंद झाले रे शिवाजी. घंटा कशी ऐकू यायची मला?"

"तुम्हाला ऐकू कशाला यायला पाहिजे चाचा? तुम्ही तर वाजवता."

हे बोलणं रोज व्हायचं आणि रोज दोघं पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसायचे.

कल्याणी त्या शाळेत चौथीला नव्यानं गेलेली. तिला तिथला वसंत सगळाच नवा होता. फेब्रुवारीत एका बुधवारी हॉस्टेलच्या ख्रिस्ती मुली कपाळाला उपवासाची राख लावून वर्गात आल्या. मग चॅपलमधल्या मूर्ती जांभळ्या कापडात गुंडाळल्या गेल्या, डोक्यापासून पायापर्यंत. कुणी म्हणे येशूची आई, मारियाबाई, आजारी आहे. कुणी म्हणे, परीक्षा आली म्हणून तिलाही आत अभ्यासाला बसवलंय. कल्याणीला दुसरी गोष्ट पटली. ओसरीवर लिंबाचा मोहर सांडायचा, त्याचा कडू-गोड वास पाढ्यांत मिसळायचा. ख्वाजामियाँ सायकलीला शिंदीच्या झावळ्या बांधून आणायचे आणि दहा-बारा मुली त्यांच्यामागं सायकल ढकलल्याचं सोंग करत धावायच्या.

त्या शाळेची एक रीत होती, ती तिला ठाऊक नव्हती. झावळ्यांचा रविवार झाला, की सोमवारपासून ईस्टरपर्यंत घंटेची जीभ कापडानं बांधायची. तेवढे दिवस घंटेनं बोलायचं नाही. तिच्या जागी खटखटा वाजवायचा. हातभर शिसमाची फळी, खाली मूठ, वर बिजागरीला लावलेली लाकडी हातोडी. हलवली की खट्, खट्. हा खटखटा ख्वाजामियाँनी स्वतः घडवलेला. वर्षभर तो कोठीत पडून असायचा. तो आठवडा जवळ आला की ते त्याला बाहेर काढायचे, पुसायचे, जवसाचं तेल पाजायचे आणि कोठीच्या भिंतीला उन्हात टेकवायचे.

त्या शनिवारी तो तसाच टेकवलेला होता. शेजारी मोडक्या बाकांच्या फळ्या.

आणि इकडं जुन्या जालन्यात, कल्याणीच्या गल्लीत, पोरांची होळीची चोरी ऐन भरात आली होती. शिमग्यात लाकूड चोरायचं आणि ज्याचं चोरलं त्यानं हसून घ्यायचं, ही तर गल्लीची पिढ्यांची चाल. बबलू म्हातारा होऊन मेला तरी पुढारीच राहील असा पोरगा. तो पुढं आणि बाकीचे मागं, गात निघायचे,

"दे गं मावशी लाकूडफाटा,
होळीबाईचा मोठा वाटा,
न्हाई दिलंस तर नेऊ चोरून,
मंग बसशील बोंबा मारून."

त्यात बबलूनं टोमणा मारलेला. "पोरींचं काम न्हाई हे. पोरी काड्या आणतेत. चहा करायच्या."

कल्याणीच्या ते जिव्हारी लागलं होतं. शनिवारची अर्धी शाळा सुटली तेव्हा ती कोठीमागून गेली. भिंतीला मोडक्या फळ्या, त्यात एक काळीशार, गुळगुळीत. बाकाचाच तुकडा, तिला वाटलं. चित्रकलेची फळी धरावी तशी काखेत धरून ती फाटकातून बाहेर पडली. फ्रॉकला तेलाचा डाग पडला तेवढा.

बबलूनं ते हातात घेऊन हलवलं. खट्.

सगळी पोरं दोन पावलं मागं सरली. लाकडानं असं उत्तर द्यावं, हे कुणालाच अपेक्षित नव्हतं. कल्याणीला तेव्हा उमगलं. हा बाकाचा तुकडा नव्हता. कुणीतरी जीव लावून केलेली वस्तू होती.

"दे इकडं," ती म्हणाली. "मी नेऊन ठेवते."

पण होळी रचणाऱ्या केशवकाकांनी तोवर ते घेऊन ढिगाच्या शेंड्याला खोवलं होतं. "होळीला दिलेलं माघारी घेत न्हाईत बाळे," ते म्हणाले. "होळीबाई घरादाराला डोळा लावती."

रविवारी सांजेला होळी पेटली. तेल प्यालेलं शिसम, ते सगळ्यांआधी धरलं. बोंबा उठल्या, नारळ पडले, बायका तांब्यानं पाणी सोडत फिरू लागल्या. आणि त्या गदारोळात कल्याणीला ज्वाळेतून एक आवाज आला. हातोडी निसटून फळीवर पडली असावी. खट्. एकदाच.

मंगळवारी गणिताचा पेपर होता. घंटा झालीच नाही. ओसरीच्या टोकाकडून टाळ्यांचा आवाज आला, मुलींनी माना वळवल्या, तर ख्वाजामियाँ टाळ्या वाजवत एकेका वर्गापुढून चालले होते. मागच्या बाकावर कुणी खुसखुसलं. त्यांनी कुणाकडं बघितलं नाही. मुख्याध्यापिका सिस्टर फिलोमिना ऑफिसच्या दारात उभ्या होत्या. त्या मंगळूरकडच्या, मराठी पुस्तकातलं बोलायच्या. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं होतं.

"ख्वाजामियाँ, एक वस्तू तुमच्या स्वाधीन होती. एकच."

"उन्हात ठेवली होती सिस्टर. कुणी नेली, मी शोधून राह्यलो."

"पवित्र आठवड्याची वस्तू तुम्ही उघड्यावर ठेवलीत. घंटा तरी तुमच्या हाती कशी ठेवावी मी?"

ईस्टर झाला, घंटेची जीभ सुटली, आणि दोरी शिवाजीच्या हातात गेली. ख्वाजामियाँना फाटकावर स्टूल मिळालं. लिंबाखालचा दगडही रिकामा झाला. शिवाजी घंटेपाशी डबा खायचा, ख्वाजामियाँ फाटकापाशी. कल्याणी सहा वर्षं त्या फाटकातून आत गेली, आणि रोज ते म्हणायचे, "जल्दी बेटा, घंटी होरी," आणि रोज ती मान खाली घालून पळायची.

सांगायचा प्रयत्न तिनं केला नाही असं नाही. गुड फ्रायडेच्या आधी हॉस्टेलच्या मुली चॅपलमध्ये रांगेनं एका लाकडी खोक्यापुढं जाऊन गुडघे टेकत आणि आत बसलेल्या फादरना आपापली पापं सांगत. कल्याणी त्या रांगेत लागली. जाळीपलीकडून फादरनी विचारलं, "मागच्या वेळी कधी आली होतीस, मुली?" ती म्हणाली, "मी हिंदू आहे फादर." आतून खोकल्यात लपवलेलं हसू. "मग आईला सांग बाळ. आईपण ऐकते."

आईनं ऐकलं. प्रेमलाबाई तेव्हा बाजेवर पांढरं लुगडं टाकून शेवया वाळत घालत होत्या. "शिमग्याची चोरी चोरी नसती," त्या म्हणाल्या. "आन् आता बोलून काय, ते लाकूड परत येणारे का? गप बस." आणि पुन्हा गुणगुणायला लागल्या,

"फागुनाच्या उन्हामंदी पळस पेटला रानभर,
गिळलेला शब्द बाई, आत जळतो जन्मभर."

आईची ओवी सासरच्या कुठल्या दुखण्याची होती. पोरीला वाटलं आपल्यावरच रचली.

शब्द गिळला तो गिळलाच. दहावी झाली, कॉलेज झालं, पाटबंधारे खात्यात नोकरी लागली. सिस्टर फिलोमिना मंगळूरला गेल्या आणि तिकडंच वारल्या. ख्वाजामियाँ कधी सराफ्यात दिसायचे, कधी भाजीबाजारात, आणि कल्याणी स्कूटीचं तोंड दुसऱ्या गल्लीत वळवायची.

अंतरानं बातमी आणली त्या संध्याकाळी कल्याणी सोमेश्वर सुताराकडं गेली. नुसतं रिकाम्या हातानं जाऊन तोंड उघडणं तिला जमणार नव्हतं. नवीन खटखटा घेऊन जाऊ, तो पुढं ठेवू, मग बोलणं आपोआप निघेल.

सोमेश्वरनं पेन्सिल कानावरून काढली. "हातोडी एक का दोन?"

"एक. बहुतेक."

"बहुतेक म्हणजे? बिजागरी मधी का शेंड्याला?"

"शेंड्याला असेल."

"मूठ गोल का चपटी?"

कल्याणीनं हवेतच मूठ वळून बघितली.

"मॅडम, तुम्ही ही वस्तू बघितली तरी का?"

"बघितलीय," ती म्हणाली. "जळताना."

सोमेश्वरनं तिच्याकडं जरा निरखून बघितलं. मग जे समजलं ते कागदावर काढलं आणि म्हणाला, आंब्याचं लाकूड पडून आहे, त्यातच बसवतो. शनिवारी वस्तू तयार झाली. रविवार असाच गेला. सकाळी शाळेच्या चॅपलकडून झावळ्या घेतलेली माणसं गात निघाली, संध्याकाळी चौकात होळी पेटली. कल्याणी दोन वेळा चप्पल घालून दारापर्यंत गेली आणि दोन्ही वेळा परत आली. तिसऱ्यांदा वरद म्हणाला, "एकदा काय ते जाऊन ये बाई. उंबरा झिजला."

सोमवारी धुळवड. ऑफिसला सुट्टी. अंतरानं सकाळीच तिच्या गालाला गुलाबी रंग फासला होता, तो धुतला तरी अर्धा राहिला. तसल्या गालानं, खटखटा पेपरात गुंडाळून, दुपारी तीनच्या सुमाराला ती ख्वाजामियाँच्या दारात उभी राहिली.

अंगणात गाठोडीच गाठोडी. पितळेची भांडी पोत्यात, गाद्या दोरीनं आवळलेल्या. एका कोपऱ्यात कोंबड्यांचं खुराडं, त्यात एकच कोंबडी उरलेली, तीही निघायच्या बेतात असल्यासारखी. अकबरबी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. बाजेवर ख्वाजामियाँ. दाढी पांढरी फेक, पण मनगटं अजून सुताराची.

"या बेटा. अंतराची अम्मी ना?" अकबरबी उठल्या. "हमारा तो रोजा है, तेरेकू चाय रखती."

"नको चाची. चाचांकडं काम होतं."

तिनं पेपर सोडला. ख्वाजामियाँनी खटखटा हातात घेतला, आणि कशाला, कुणाचा, काही विचारलं नाही. आधी नखानं लाकूड खरवडलं. मग मूठ तळव्यात फिरवली. मग हलवला. ठप्.

"आंबा," ते म्हणाले. "हे लाकूड रडतंय, बोलत न्हाई. याला शिसम पाहिजे. आणि बिजागरी बोटभर खाली. कुणी केला?"

"सोमेश्वरनं."

"त्याच्या बापाला पण बिजागरी जमली न्हाई कधी." तरी त्यांनी पुन्हा हलवला. ठप्. "शाळेसाठी आणला का?"

आता. आताच, कल्याणी मनाशी म्हणाली. खुराड्यातल्या कोंबडीनं मान तिरकी करून तिच्याकडं बघितलं.

"चाचा, तुमचा खटखटा मी नेला होता. चौथीत असताना. कोठीच्या भिंतीपासून. मला वाटलं मोडक्या बाकाचं लाकूड आहे. आमच्या गल्लीच्या होळीत टाकला." ती एका दमात बोलली आणि श्वास घ्यायचा राहिला. "तुमची घंटा माझ्यामुळं गेली."

अकबरबींच्या हातातली घडी अर्धी राहिली. ख्वाजामियाँ खटखट्याकडं बघत राहिले. बाहेर गल्लीतून पोरं पिचकाऱ्या उडवत गेली, त्यांचा आरडाओरडा भिंतीवरून येऊन विरला.

"होळीत जळला ते ठाऊक होतं मला," ते म्हणाले.

"कसं?"

"त्या खुराड्याच्या दाराला बिजागरी कोणती हाय, बघ."

तिनं वळून बघितलं. काळीठिक्कर, एका कडेला वाकलेली, पण दार धरून होती.

"मंगळवारी साळा सुटल्यावर हुडकत फिरलो. तुमच्या गल्लीत होळीची राख पडली होती, त्यात दिसली. माझ्याच हातानं ठोकलेली, मी वळखणार न्हाई का? उचलली, खिशात घातली. गरम होती अजून."

"मग सिस्टरना का नाही सांगितलं?"

"काय सांगायचं?" त्यांनी पहिल्यांदा तिच्याकडं नीट बघितलं. "ते साल तू लहान होतीस म्हणून तुला ठाव न्हाई. लोक एकमेकाच्या दाराकडं बघून चालायचे. मी म्हणलो असतो, माझी चीज यांच्या होळीत जळली, तर मला चीज मिळाली नसती. झगडा मिळाला असता. त्याच्यापेक्षा स्टूल बरं."

कल्याणीला वाटलं, आता सुटेल. छातीवरचं लाकूड हललं होतं, एक बोट हवा आत आली होती. तेवढ्यात ख्वाजामियाँ हळूच म्हणाले,

"म्हणजे शिवाजीनं न्हाई टाकला?"

तिला प्रश्न कळलाच नाही. "शिवाजीमामांनी? नाही चाचा. त्यांना कुठलं माहीत."

"तो तुमच्याच गल्लीत ऱ्हात होता."

"हो, पण..."

"आणि घंटा त्यालाच मिळाली."

मग तिला कळलं. लिंबाखालचा रिकामा दगड, एक डबा घंटेपाशी आणि एक फाटकापाशी. तिला इतकी वर्षं वाटत आलं होतं, की दोघांच्या मधे घंटा आली. मधे तीच आली होती.

"मी जोडलं," ख्वाजामियाँ म्हणाले. "राखंत बिजागरी, त्याची गल्ली, त्याची घंटा. दोन लाकडं समोर आली की सुतार जोडतो. तीस साल त्याच्याशी बोललो न्हाई. पोरीच्या लग्नाची पत्रिका घेऊन ह्याच दारात उभा होता, तेव्हा मीच आतून म्हणलो, चाचा घरी न्हाई म्हणून. माझा आवाज वळखत न्हाई का तो?"

"मैं बोली थी," अकबरबी म्हणाल्या. आवाज वर गेला नाही, पण घडी त्यांनी गाठोड्यावर आपटली. "एक बार पूछो, बोली थी. दस बार बोली. नई पूछे. अकड."

"तू चूप."

"तीस साल चूपच तो हूँ."

कल्याणी म्हणाली, "चाचा, माझी चूक झाली."

"नऊ वर्षांची होतीस, ती चूक न्हाई. शिमग्यात पोरं लाकूड नेतातच." ते थांबले. "पण दहावीला पंधराची होतीस. रोज माझ्यासमोरून जायची. नोकरी लागली तेव्हा केवढी होतीस?"

ते भिंतीचा आधार घेत उठले. खुंटीवरची टोपी काढली, काठी घेतली, खटखटा काखेत धरला. चित्रकलेची फळी धरावी तसा.

"गाडी आणलीस?"

"आणलीय. कुठं जायचं?"

"नदीपल्याड. नव्या जालन्यात पोराकडं असतो म्हणे तो."

"धूप में? रोजे में?" अकबरबी दारात आल्या. "सामान कौन बांधेगा?"

"इफ्तारीला येतो."

कल्याणीनं स्कूटी हळू चालवली. मागं म्हाताऱ्याचं वजन जाणवतच नव्हतं, फक्त पाठीला खटखट्याची कड टोचत होती. कुंडलिकेच्या पुलावर पोरांनी रस्ता अडवला होता. तोंडं जांभळी, हातात बादल्या. मागं बसलेली पांढरी दाढी आणि टोपी बघून पुढचा पोरगा थबकला, बादली खाली घेतली. मागच्याला दिसलं नसावं. त्याच्या पिचकारीची धार आली आणि ख्वाजामियाँच्या बाहीवर ओंजळभर रंग पडला. कल्याणीनं ब्रेक दाबला.

"थांबू नको," मागून आवाज आला. "चल. धुतलं की जातं."

पुलापलीकडं उन्हात एक पळस उभा होता, पान एक नाही, नुसती फुलं. शिवाजीचं घर कुठलं ते त्यांना दोनदा विचारावं लागलं. लोखंडी दार, बाहेर तुळस, आत टीव्हीचा आवाज.

कल्याणी कडी वाजवायला गेली. ख्वाजामियाँनी तिचा हात बाजूला केला. खटखटा वर धरला आणि हलवला. ठप्. त्यांनी तोंड वाकडं केलं, मनगट जरा तिरकं केलं, आणि बिजागरीला आतून नेमका हिसका दिला.

खट्. खट्.

आत टीव्ही बंद झाला. कुणीतरी खोकलं, चपलेचा पाय फरशीवर घासत आला. दार उघडलं तर समोर शिवाजी, वाळलेला, बनियनवर, चष्मा कपाळावर. त्यानं आधी खटखट्याकडं बघितलं, मग बाहीवरच्या रंगाकडं, आणि शेवटी तोंडाकडं. बराच वेळ. दार लावलं नाही.

ख्वाजामियाँनी काठीच्या टोकानं कल्याणीला पुढं केलं.

"तू सांग. मला सांगितलं तसंच. एक शब्द कमी न्हाई, एक जास्ती न्हाई."

तिच्या मागं परतीचा रस्ता होता, पलीकडं पूल होता, आणि पाय फाल्गुनातल्यासारखेच पळू बघत होते. तिनं ते उंबऱ्यापाशी रोवले.

"शिवाजीमामा," ती म्हणाली, "मी तेव्हा चौथीत होते."